जेवल्यावर भिंतीला डोके टेकवणारे पिल्लू

सातारा जिल्ह्यातील एका वाचक ताईंचे पत्र आले आहे. त्यांच्याकडे अकरा महिन्यांची शिह त्झू जातीची मादी आहे. तिला आपण येथे चिंगी म्हणू. एका विक्रेत्याकडून आणली तेव्हापासूनच ती अंगाने किरकोळ होती आणि आजही तिचे वजन जेमतेम तीन किलो दोनशे ग्रॅम आहे. सहाव्या महिन्यापासून जेवणानंतर तासा-दोन तासांनी ती सुस्त होऊ लागली, गोल गोल फिरू लागली, लाळ गाळू लागली आणि कपाटाशेजारच्या भिंतीला डोके दाबून उभी राहू लागली. दोनदा आकडीही आली. आरंभी हे फेफरे समजून गोळ्या दिल्या गेल्या. नंतर दुसऱ्या डॉक्टरांनी रक्त तपासले, तेव्हा बाईल अ‍ॅसिड (यकृत रक्त नीट गाळत नसले की रक्तात वाढणारे पित्तातले आम्ल) उपाशीपोटी ६८ आणि जेवणानंतर दोन तासांनी १९० भरले. युरिया आणि अल्ब्युमिन हे रक्तातले प्रथिनही कमी निघाले. त्यांनी यकृताच्या जन्मजात शंटचा, म्हणजे यकृताला टाळून रक्त परस्पर पुढे नेणाऱ्या शिरेचा, संशय व्यक्त केला, पथ्य आणि लॅक्ट्युलोज सुरू केले, आकडीची गोळी बदलली आणि मोठ्या शहरात सीटी स्कॅन करून शस्त्रक्रियेचा विचार करावा असे सुचवले. पाच आठवड्यांत चिंगी जवळजवळ बरी दिसू लागली आणि घरात मतभेद सुरू झाले. बरी झालेल्या पिल्लाची कापाकापी कशाला, असे यजमान म्हणतात. सासूबाईंच्या मते मांस-अंडी कायमची बंद करून नुसता दहीभात द्यावा. विक्रेता म्हणतो, पिल्लू परत आणा, दुसरे देतो. ताईंना स्वतःला दोन गोष्टी खात आहेत: आपण कौतुकाने रोज कोंबडीची कलेजी भरवली म्हणून तिचे यकृत बिघडले का, आणि एवढ्याशा जिवावर शस्त्रक्रिया करणे हे तिच्या भल्याचे की आपल्या हट्टाचे?

ताई, सप्रेम नमस्कार.

कलेजीपासून सुरुवात करते, कारण तुमच्या पत्रातील इतर सगळे प्रश्न त्या अपराधी भावनेच्या सावलीत उभे आहेत. चिंगीचा दोष ती तुमच्या घरी येण्याआधीचा, किंबहुना जन्माआधीचा आहे. पिल्लू गर्भात असते तेव्हा त्याच्या रक्ताची सफाई आईचे शरीर करते, त्यामुळे यकृताला वळसा घालून जाणारी एक वाट गर्भात प्रत्येकाकडेच असते आणि जन्मानंतर काही दिवसांत ती मिटते. लॅब्रेडॉर, गोल्डन रिट्रीव्हर किंवा आयरिश वुल्फहाउंड अशा मोठ्या जातींमध्ये कधी कधी हीच वाट यकृताच्या आत उघडी राहून जाते. शिह त्झू, माल्टीज, पग, यॉर्कशायर टेरिअर अशा लहान जातींमध्ये बहुधा यकृताच्या बाहेर एखादी शीर मुळातच चुकीच्या ठिकाणी जोडली गेलेली असते. कलेजीने ही शीर तयार केली नाही. ती तिथे आहे हे उघडकीस मात्र आणले.

ते कसे, हे समजून घेतले की पुढचे निर्णय सोपे होतील. आतडी, जठर, प्लीहा आणि स्वादुपिंड यांच्याकडून येणारे सगळे रक्त एका मोठ्या शिरेतून यकृतात जाते. डॉक्टर तिला पोर्टल व्हेन म्हणतात. पाटाचे पाणी शेतात जावे, तसे हे रक्त यकृतात जायला हवे. चिंगीच्या बाबतीत हा पाट वाटेत फुटला आहे आणि पाणी शेताऐवजी ओढ्याला मिळते आहे, म्हणजे रक्त न गाळता परस्पर हृदयाकडे जाणाऱ्या मोठ्या शिरेत शिरते आहे. याचे परिणाम दोन. प्रथिने पचताना आतड्यात तयार होणारा अमोनिया यकृतात जाऊन युरिया बनण्याऐवजी थेट मेंदूपर्यंत पोहोचतो. म्हणून जेवणानंतरची गुंगी, फेऱ्या आणि भिंतीला टेकवलेले डोके, आणि म्हणूनच तिच्या रक्तात युरिया कमी. शिवाय पाणी न मिळालेल्या शेतासारखे यकृत खुरटे राहते, पुरेसे अल्ब्युमिन तयार करू शकत नाही आणि पिल्लू अंग धरत नाही.

पहिल्या डॉक्टरांवर तुम्ही पत्रात बऱ्याच रागावलेल्या दिसता. त्यांची बाजू घेत नाही, पण माझी एक जुनी चूक सांगते. एका पगच्या पिल्लाला मी दोन महिने फेफऱ्याच्या गोळ्या देत राहिले. त्याचे मालक दरवेळी म्हणत, ‘डॉक्टर, याला आकडी रविवारीच येते हो,’ आणि मी हसून सोडून देत असे. रविवारी त्यांच्याकडे मटण शिजायचे आणि पातेल्यातले उरलेले पिल्लाच्या वाट्याला यायचे, हे मला तिसऱ्या महिन्यात विचारावेसे वाटले. तेव्हापासून लहान वयाच्या कुत्र्याला आकडी आली की मी आधी जेवणाची वेळ आणि ताटातला पदार्थ विचारते. ज्या वाचकांच्या पिल्लाला असा त्रास असेल, त्यांनी त्या अवस्थेचे मोबाइलवर चित्रीकरण करावे आणि आधीच्या चार तासांत काय खाल्ले ते लिहून ठेवावे. बाईल अ‍ॅसिडची तपासणी सुचायला डॉक्टरांना एवढे पुरते. फेफऱ्याच्या जुन्या गोळ्यांपैकी काही यकृतावरच भार टाकतात, म्हणून तुमच्या डॉक्टरांनी गोळी बदलली ते योग्यच झाले. मात्र आकडीची कोणतीही गोळी घरच्या घरी एकदम बंद करायची नसते.

आता यजमानांच्या म्हणण्याकडे वळू. चिंगी बरी झाली, या वाक्यात एक गृहीतक दडले आहे. ती बरी झालेली नाही. तिची लक्षणे शांत झाली आहेत. लॅक्ट्युलोज ही एक साखरच आहे. मोठ्या आतड्यात तिच्यामुळे आम्लता वाढते, अमोनिया तिथेच अडकतो आणि शौचावाटे लवकर बाहेर पडतो. पथ्यामुळे मुळात अमोनियाच कमी तयार होतो. पण फुटलेला पाट फुटलेलाच आहे आणि यकृताला आजही पोटभर पाणी मिळत नाही. मात्र या पाच आठवड्यांनी तुम्हाला एक फार मोलाची गोष्ट दिली आहे, ती म्हणजे सवड. भूल आणि शस्त्रक्रिया यांच्यासाठी प्राणी आधी काही आठवडे औषधांवर स्थिरावलेला असावा लागतो, आणि ती अट चिंगी आत्ता पूर्ण करते आहे. म्हणजे ज्या सुधारणेकडे बोट दाखवून यजमान शस्त्रक्रिया नको म्हणतात, तिच्यामुळेच खरे तर शस्त्रक्रिया शक्य होते.

तरीही, शस्त्रक्रिया करायची की नाही हा प्रश्न आजचा नाहीच, असे माझे मत आहे. आजचा प्रश्न एवढाच आहे की ती शीर नेमकी कुठे आहे, आणि मुळात आहे का. बाईल अ‍ॅसिड वाढलेले असूनही काही कुत्र्यांमध्ये एकही मोठा शंट सापडत नाही. यकृतातील अगदी बारीक रक्तवाहिन्यांचीच घडण अपुरी असते. तिथे बांधून बंद करण्यासारखे काहीच नसते, आणि अशी बरीच कुत्री किरकोळ पथ्यावर किंवा पथ्याविनाही आयुष्य काढतात. माल्टीजमध्ये तर यकृत धडधाकट असतानाही हा आकडा वाढलेला दिसू शकतो. चिंगीचे आकडे आणि लक्षणे पाहता मोठ्या शंटची शक्यता मला अधिक वाटते, पण कागदावरच्या आकड्यावरून पोट उघडायचे नसते. सोनोग्राफीत शंट दिसला तर उत्तम; दिसला नाही म्हणून तो नाही असे ठरत नाही, कारण ते पाहणाऱ्याच्या हातावर आणि नजरेवर फार अवलंबून असते. शिरेत रंगद्रव्य सोडून केलेल्या सीटी स्कॅनमध्ये मात्र शीर कुठून निघते, कुठे मिळते, एक आहे की अनेक, हे स्पष्ट दिसते. अनेक वेड्यावाकड्या शिरा दिसल्या तर अर्थच बदलतो. त्या बहुधा यकृताच्या दुसऱ्या आजारामुळे दाब वाढून नंतर तयार झालेल्या असतात आणि त्यांना हात लावायचा नसतो. शंट यकृताच्या आत निघाला, तर पोट उघडण्याऐवजी मानेतल्या शिरेतून नळी घालून आत धातूची वेटोळी सोडण्याची पद्धत अधिक पसंत केली जाते, आणि ते करणारे हात फार थोड्या ठिकाणी आहेत. म्हणून आधी सीटी, मग निर्णय.

शंट एकच आणि यकृताबाहेर असेल, तर शस्त्रक्रियेत तो हळूहळू बंद केला जातो. हळूहळू का? वर्षभर पाणी न आलेल्या शेताकडे पाटाचा सगळा लोंढा एकदम वळवला तर बांध फुटतात. तसेच शंट एका झटक्यात बांधला तर खुरट्या यकृतात एवढे रक्त मावत नाही, मागे आतड्यांमध्ये दाब वाढतो आणि प्राणी दगावू शकतो. यावरची एक युक्ती मला फार आवडते. पोलादी कड्याच्या आत दुधातल्या केसीनची, म्हणजे पनीर ज्या प्रथिनाचे होते त्याच प्रथिनाची, घट्ट चकती बसवलेली असते. तिच्या मधल्या छिद्रात ती शीर बसवतात. शरीरातील ओलावा शोषून केसीन फुगत जाते, भोवती व्रण धरतो, आणि काही आठवड्यांत वाट मिटते. तोवर यकृत वाढत्या रक्ताला सरावलेले असते. विशिष्ट सेलोफेनची पट्टी शिरेभोवती गुंडाळूनही असाच परिणाम साधतात. कोणती पद्धत वापरतात यापेक्षा शल्यचिकित्सकांचा हात कोणत्या पद्धतीवर बसला आहे, याला मी अधिक महत्त्व देईन.

धोका आहे, आणि तो लपवून सल्ला देणे बरे नव्हे. अनुभवी हातांत यकृताबाहेरच्या शंटची शस्त्रक्रिया झालेली बहुसंख्य कुत्री वाचतात आणि त्यांच्यापैकी बरीच पुढे औषधांशिवाय राहतात. पण थोडी दगावतात, आणि काहींना शस्त्रक्रियेनंतर साधारण तीन दिवसांत अचानक आकड्या सुरू होतात, अमोनिया ठीक असतानाही. त्या आटोक्यात आणणे अवघड असते. म्हणून शस्त्रक्रिया कुठे करायची हे ठरवताना पहिला प्रश्न खर्चाचा नको. असे शंट आपण आजवर किती बांधले, आणि रात्री दोन वाजता तिच्याजवळ कोण असेल, हे दोन प्रश्न आधी विचारा. दुसऱ्याचे उत्तर ‘वॉचमन आहे’ असे आले, तर नमस्कार करून परत या.

औषधांवरच ठेवायचे ठरले, तर तो काही विश्वासघात नव्हे. काही कुत्री पथ्य आणि औषधांवर कित्येक वर्षे चांगली राहतात, विशेषतः ज्यांना लक्षणे उशिरा आणि सौम्य आली ती. पण सरासरीचे पारडे शस्त्रक्रियेकडे झुकते. २०१४ साली ब्रिटनमधून सुमारे सव्वाशे कुत्र्यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात शस्त्रक्रिया झालेली कुत्री केवळ औषधांवरच्या कुत्र्यांपेक्षा अधिक जगली, आणि निदानाच्या वेळच्या वयाचा जगण्यावर ठळक परिणाम आढळला नाही. यात एक मेख आहे: कोणत्या कुत्र्याला कोणता उपचार, हे चिठ्ठ्या टाकून नव्हे तर मालकांच्या निवडीने ठरले होते. तरीही तुमच्यासाठी त्यातला वयाचा भाग महत्त्वाचा आहे. पैशांची जुळवाजुळव करायला तीन-चार महिने लागले, तर गाडी चुकली असे समजू नका. चिंगी औषधांवर स्थिर आहे तोवर थांबता येते. लक्षणे पुन्हा डोके वर काढू लागली, तर मात्र थांबू नये.

सासूबाईंचा दहीभात हसण्यावारी नेण्याजोगा नाही. दुधातील, अंड्यातील आणि सोयाबीनची प्रथिने या कुत्र्यांना लाल मांसापेक्षा पुष्कळ मानवतात, म्हणजे त्यांची दिशा बरोबर आहे. चूक आहे ती ‘नुसता’ या शब्दात, आणि अंडे कायमचे बंद करण्यात. अकरा महिन्यांच्या पिल्लाचे प्रथिन फार तोडले तर स्नायू झिजतात, आणि यकृत लंगडे असताना अमोनियाचा काही भार हे स्नायूच उचलत असतात. त्यामुळे अति पथ्याने उलटे नुकसान होते. यकृतविकारासाठी तयार मिळणारे पशुवैद्यकीय खाद्य परवडत असेल तर सर्वांत सोपे. नसेल तर मऊ भात, ताजे पनीर किंवा दही, उकडलेले अंडे आणि थोडी मूगडाळ यांचे प्रमाण डॉक्टरांकडून तिच्या वजनानुसार ठरवून घ्या आणि कॅल्शियम व जीवनसत्त्वांची पुरवणी विसरू नका. दिवसातून चार वेळा थोडे थोडे द्या. एवढ्या लहान कुत्र्याची साखर उपासाने पटकन उतरते. कलेजी, मटणाचा रस्सा, पायाचे सूप आणि बाजारात मिळणाऱ्या सुक्या मांसाच्या पट्ट्या पूर्ण बंद. पाहुण्यांनाही हे सांगून ठेवावे लागेल, कारण पथ्य मोडते ते बहुधा पाहुण्यांच्या हातून.

लॅक्ट्युलोजविषयी एक सूचना. माणसांच्या औषधांच्या दुकानात ते बद्धकोष्ठतेचे औषध म्हणून मिळते आणि तिथलाच कोणीतरी सांगतो, की कुत्र्याला शौचाला साफ होते ना, मग कशाला देता? ते पोट साफ करायला दिलेलेच नाही. दिवसातून दोन-तीन वेळा मऊ शौच होणे हे योग्य मात्रेचे लक्षण. पाण्यासारखे होऊ लागले तर डॉक्टरांना विचारून मात्रा कमी करा, कारण शरीरातील पाणी कमी होणेही अमोनियाला निमंत्रण देते. औषध चिकट असते. सुई काढलेल्या पिचकारीने गालाच्या बाजूने द्यावे आणि मिशा लगेच ओल्या फडक्याने पुसाव्यात, नाहीतर शिह त्झूच्या हनुवटीच्या केसांच्या जटा होतात आणि आठवड्याभरात ती पिचकारी पाहूनच पलंगाखाली पळते. जंतांचे औषध वेळच्या वेळी द्या: अंकुशकृमी (हुकवर्म) आतड्यात रक्तस्राव करतात आणि आतड्यात सांडलेले रक्त म्हणजे शेवटी प्रथिनांचेच जेवण. कोणत्याही दवाखान्यात वेदनाशामक, गुंगीचे किंवा बुरशीचे औषध देण्यापूर्वी ‘हिला शंट आहे’ हे पहिले वाक्य असू द्या. लघवीला कुंथणे किंवा लघवीत रक्त दिसल्यास सोनोग्राफी मागा; या आजारात होणारे खडे साध्या एक्स-रेत बहुधा दिसत नाहीत.

आकडी आली तर कांदा किंवा चप्पल हुंगवण्यात वेळ घालवू नका आणि तोंडात पाणी, मध, औषध काहीही घालू नका. आजूबाजूच्या टोकदार वस्तू दूर करा, घड्याळ पाहा आणि ती थांबताच, किंवा पाच मिनिटांत थांबली नाही तर त्याच अवस्थेत, दवाखाना गाठा. नुसती गुंगी वाढून ती हाकेला प्रतिसाद देईनाशी झाली, तरीही थेट दवाखान्यातच न्या. तिथे एनिमा आणि सलाइन देऊन अमोनिया उतरवता येतो.

विक्रेत्याने दुसरे पिल्लू देऊ केले, त्यात त्याला कदाचित उदारपणा वाटत असेल. परत गेलेल्या चिंगीचे पथ्य तो पाळील का, हे त्याला विचारून पाहा, म्हणजे उत्तर मिळेल. त्याला एक गोष्ट मात्र लेखी कळवा: हा दोष अनेक जातींमध्ये आनुवंशिक आहे, तेव्हा त्या जोडीची पुन्हा वीण घेऊ नये. २०१७ च्या श्वान प्रजनन व विक्री नियमांनुसार पैदास करणाऱ्याची राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी असावी लागते आणि आठ आठवड्यांखालील पिल्लू विकता येत नाही. नवे पिल्लू घेणाऱ्या वाचकांनी नोंदणीचा कागद पाहायला मागावा. चिंगीचे गर्भाशय काढणेही याच शस्त्रक्रियेत जमते का ते विचारा, म्हणजे दुसऱ्यांदा भूल नको.

मांजरवाल्यांसाठी थोडेसे. मांजरांत या आजाराचे ठळक लक्षण म्हणजे अखंड लाळ. डोळ्यांतील बुबुळे तांब्याच्या रंगाची होतात असेही वाचनात येईल, पण आपल्याकडे घरोघरी असलेल्या पर्शियन मांजरांचे डोळे जातीनेच तसे असू शकतात, म्हणून केवळ डोळे पाहून घाबरू नये.

खर्चाबाबत यजमानांशी भांडण्याऐवजी त्यांना बरोबर घेऊन बसा. सीटी, शस्त्रक्रिया, रुग्णालयातील दिवस आणि गुंतागुंत झाल्यास वाढणारा खर्च, असे चार वेगळे आकडे लेखी मागा. एकत्रित आकडा ऐकून माणूस बिचकतो आणि नंतर वाढलेल्या आकड्याने चिडतो. तुम्हाला शिरवळचे पशुवैद्यकीय महाविद्यालय जवळ आहे. तिथे आधी चौकशी करा आणि पुढे कुणाकडे पाठवतात ते विचारा. मुंबईत परळचे जुने प्राणी रुग्णालय आहे आणि महालक्ष्मीला २०२४ मध्ये टाटा न्यासाचे लहान प्राण्यांसाठीचे रुग्णालय सुरू झाले आहे. निघण्यापूर्वी फोनवर एवढेच विचारा, की रंगद्रव्य देऊन यकृताच्या शिरांचे सीटी होते का आणि शंटची शस्त्रक्रिया तिथेच होते का. सीटीची तयारी ठेवा, त्याचा खर्च करा, आणि शस्त्रक्रियेबाबत यजमानांचे मत तो अहवाल हातात आल्यावरच पुन्हा विचारा. कदाचित त्यांचे मत बदलेल, कदाचित तुमचे. अहवाल पाहूनही पैसे जुळले नाहीत, तर औषधांवर तिला जितके चांगले ठेवता येईल तितके ठेवा. त्याला हलगर्जीपणा म्हणण्याचा अधिकार शेजाऱ्यांना नाही आणि मलाही नाही.

पत्राच्या मागच्या बाजूला, सही करून झाल्यावर, तुम्ही बारीक अक्षरात विचारले आहे, की सीटीसाठी भूल देताना तुम्हाला तिच्याजवळ थांबता येईल का. डोळे मिटेपर्यंत बरेच डॉक्टर थांबू देतात. आदल्या दिवशी विचारून ठेवा. यंत्राच्या खोलीत मात्र जाता येणार नाही. घरातली न धुतलेली चादर बरोबर न्या आणि शुद्धीवर येताना ती तिच्याखाली घालायला सांगा. या कुत्र्यांना भुलीतून जागे व्हायला वेळ लागतो, तेव्हा तासाभराने तिने शेपटी हलवली नाही म्हणून घाबरू नका. परतीची गाडी संध्याकाळची ठरवू नका; त्या रात्री शहरातच एखाद्या नातेवाइकाकडे मुक्काम करा.

तुमची,
सदर लेखिका

(वाचकांनी औषधांची मात्रा आपल्या पशुवैद्यकांकडूनच ठरवून घ्यावी. पत्रलेखिकेची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)